रेशीमकीटकांच्या संगोपनगृहात शत्रुकिडीस अटकाव

मानवतच्या पंचक्रोशीत कापूस हे पूर्वापार पीक होय. त्याच्या जोडीस परभणी जिल्ह्यात तुतीची लागवड करून रेशीमकीटक पाळण्याचा धंदाही आता चांगला रुजला आहे. कापसावर कीड पडली की औषध फवारावयाचे, हे आम्हा शेतकऱ्यांच्या अंगवळणी पडलेले आहे. परंतु रेशमाच्या धंद्यात पाळावयाचा जीव हाच मुळी कीटक असल्यामुळे, शत्रूस मारावयाचे विष आधी त्यासच बाधते. सबब येथे कीड आत येऊच न देण्याची तजवीज करणे भाग आहे. ही तजवीज कशी करावी, ह्याचा विचार आम्ही येथे करीत आहो.

सर्वांत मोठा शत्रू म्हणजे उझी माशी. ही दिसावयास घरमाशीसारखी, पण तिजहून किंचित मोठी असून तिच्या पाठीवर चार काळे उभे पट्टे असतात. बंगालकडून आलेल्या कोषांबरोबर ती १९८० साली कर्नाटकात शिरली व पुढे अन्य प्रांतांत पसरली. ही माशी अळीच्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे पांढरट अंडे घालते. दोनतीन दिवसांत त्यातून निघालेला किडा कातडी भोकसून आत शिरतो व तेथे काळा डाग राहतो. लहान वयात लागण झाली तर अळी कोष करण्यापूर्वीच मरते. शेवटच्या अवस्थेत झाली तर ती कोष विणते खरी, परंतु उझीचा किडा कोषास भोक पाडून बाहेर पडतो आणि अशा कोषाचा अखंड धागा निघत नाही. महिनाभर पाला घालून तयार केलेला माल शेवटच्या आठवड्यात असा मातीमोल व्हावा, याहून वाईट ते काय!

म्हणून प्रत्येक खिडकीस व झरोक्यास बारीक नायलॉनची जाळी घट्ट बसवावी. पण पुष्कळ ठिकाणी जाळी उत्तम असते आणि दार मात्र पाला आणताना सताड उघडे राहते. शेवटच्या अवस्थेतील अळ्या एकंदर पाल्यापैकी चारपंचमांशाहून अधिक पाला खातात. म्हणजे नेमक्या धोक्याच्या दिवसांत दाराची उघडझाप सर्वांत अधिक. ह्यास उपाय एकच. दारापुढे जाळीची एक लहान देवडी करावी व बाहेरचे दार लागल्यावाचून आतले उघडू नये. फांद्या ह्या देवडीतच झटकून मग आत न्याव्यात. पाल व उंदीर हेही अळ्यांवर टपलेले असतात. त्यांसही ह्या बंदोबस्ताने पुष्कळ आळा बसतो.

इतके करूनही एखादी माशी शिरतेच. म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन संस्थेने उझीस भुलविणारी गोळी काढली आहे. ती पाण्यात विरघळवून पांढऱ्या थाळीत खिडकीजवळ आतबाहेर ठेवावी, म्हणजे माशा त्यात पडून बुडतात. कोषाबाहेर पडलेले उझीचे किडे जमिनीच्या भेगांत शिरून एका दिवसाच्या आत तेथेच कोशावस्थेत जातात. त्याकरिता भुई व भिंतींच्या भेगा बुजवाव्यात आणि चंद्रिकेखाली पडलेले किडे वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. उझीच्या कोशांवर जगणारी नेसोलिंक्स नावाची सूक्ष्म गांधीलमाशीही सोडता येते. तीपासून रेशीमकीटकास अपाय नाही.

मुंग्यांकरिता मांडणीच्या प्रत्येक पायाखाली पाण्याची वाटी ठेवावी. उन्हाळ्यात हे पाणी लौकर आटते, ते रोज पाहावे. लोंबणारी एखादी फांदी भिंतीस टेकली तरी मुंग्यांस पूल मिळतो. बाजारातील मुंग्यांचा खडू मात्र ह्या घरात आणू नये. त्यात विषच असते. डासांच्या अगरबत्तीचीही तीच कथा, आणि तंबाखू मळलेल्या हाताने पाला घालणे हेही अळ्यांस मारक आहे.

येथवरचा बंदोबस्त आपल्या हातचा झाला. शेजाऱ्याच्या कापसावरील फवारा हा त्याहून अवघड प्रश्न होय. पावसाळ्यात आमच्याकडे वारा बहुधा पश्चिमेचा असतो व ऑक्टोबरनंतर तो उलटतो. ह्यास्तव तुतीच्या एकाच बाजूस आडोसा करून भागत नाही. दोन्ही अंगांस शेवरीसारख्या उंच झाडांची दाट रांग असावी. बोंडअळीवर फवारले जाणारे क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल रेशीमकीटकास अत्यल्प प्रमाणातही घातक असते व त्याचा अंश पानांवर दीर्घकाळ टिकतो. संशय आला तर तो पाला प्रथम दहापंधरा अळ्यांस घालून पाहावा. त्या डोके उचलून तळमळू लागल्या अथवा ओकू लागल्या, तर तो पाला वर्ज्य समजावा.

परंतु ह्या परीक्षेस न सापडणारे एक विष आहे. कापसावरील पांढऱ्या माशीसाठी वापरतात ते पायरीप्रॉक्सीफेन कीटकाच्या वाढीच्या रसासारखे काम करते. त्याचा अंश पोटात गेलेली अळी मरत नाही. उलट खातच राहते, पुष्ट दिसते, आणि कोष मात्र विणीत नाही. उत्तर इटलीत १९९० च्या सुमारास फळबागांवरील फेनॉक्सीकार्ब ह्या तशाच जातीच्या औषधाने हाच प्रकार घडून तेथील रेशमाच्या धंद्यास जबर धक्का बसला. येथे पानाची परीक्षा करून काही कळत नाही. शेजाऱ्याने काय व केव्हा फवारले, हे त्यास विचारूनच समजते. तेव्हा अंडीपुंज मागविण्यापूर्वी भोवतालच्या कापूसवाल्यांस आपल्या तारखा सांगून ठेवाव्यात. बहुतेक जण ऐकतात, असाच आमचा समज आहे. अडचण होते ती कोणी आधी सांगितलेलेच नसते म्हणून.

तुतीवरही पिठ्या ढेकूण पडतो व शेंड्याची पाने चुरगळून पिवळी होतात. असे शेंडे खुडून जाळावेत. जुन्या पुस्तकांतून ह्यासाठी डायक्लोरव्हॉस फवारून काही दिवस थांबावे असे सांगितलेले आढळेल. परंतु त्या औषधास आपल्या देशात २०२० सालच्या अखेरीपासून बंदी आहे. त्याऐवजी क्रिप्टोलेमस जातीचे ढालकिडे बागेत सोडावेत. त्यांची पिले स्वतःच पांढरी, पिठासारखी दिसतात. गड्यांस ती आधी दाखवून ठेवावी, नाहीतर ढेकूण समजून चिरडली जातात.