आचारी आला, पण कोठी बंद!

कोयनेचा ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप सातारा-सांगलीच्या शिक्षकांना नव्याने सांगायला नको. १९९३ पासून वारणा जलाशयाच्या परिसरातही धक्के वाढले आणि संशोधकांचे लक्ष तिकडेही वळले. एखादा भूकंपमापक तीन दिशांची हालचाल सेकंदाला १०० वेळा टिपत असेल, तर दिवसाकाठी २,५९,२०,००० आकडे जमतात! ते हाताळायला संशोधक बहुधा पायथन ही भाषा वापरतात.

पायथन चालते इंटरप्रिटरमार्फत, म्हणजे एकेक आज्ञा वाचायची आणि लगेच पाळायची. शिकायला सोपी, पण कोट्यवधी आकड्यांपुढे फार संथ. म्हणून जड काम सी भाषेत लिहून आधीच यंत्रभाषेत उतरवून ठेवतात. अशा तुकड्याला विस्तार-मॉड्यूल म्हणू. 'नमपाय'चा गाभा असाच आहे.

हा इंटरप्रिटर दुसऱ्या आज्ञावलीच्या पोटातही राहू शकतो. क्यूजिस ही नकाशांची आज्ञावली सी++ मध्ये लिहिलेली आहे, पण तिच्या आत पायथन आहे. कोयना-वारणेची भूकंपकेंद्रे नकाशावर मांडता मांडता तिथेच नमपायने हिशेब करता येतो. मात्र अशी यजमान आज्ञावली स्वतः लिहू पाहणारा विद्यार्थी पुष्कळदा चक्रावतो. एरवी बिनबोभाट चालणारे मॉड्यूल इथे 'अमुक नाव सापडत नाही' म्हणून अडते. बिचारा मॉड्यूल पुन्हा पुन्हा बसवत राहतो. दोष तिथे नसतोच.

लग्नघरी आचारी येतो तो झारे-कढया घेऊन. तेल, तूप, साखर घरच्या कोठीतली. मॉड्यूलचेही तसेच. आज्ञा मिळताच कार्यप्रणाली त्याची फाइल स्मृतीत चढवते. मग इंटरप्रिटर 'पायइनिट'ने सुरू होणारे त्याचे आरंभ-फलन शोधून चालवतो. पण यादी बनवणे, चूक कळवणे यांसाठी मॉड्यूल इंटरप्रिटरमधील फलने नावाने मागते. इंटरप्रिटर यजमानातच जोडून टाकला असेल, तर लिनक्सवर ही नावे आपोआप बाहेर दिसत नाहीत. कोठीला कुलूप! जोडणी करताना 'एक्स्पोर्ट डायनॅमिक' हा पर्याय दिला की ते उघडते. इंटरप्रिटर मागाहून चढवायचा असेल, तर त्याची नावे सर्वांना दिसतील अशा रीतीने चढवावा लागतो. क्यूजिस हेच करते. (विंडोजवरची व्यवस्था निराळी आहे. तिथे नाव कोणत्या फाइलीत शोधायचे तेही मॉड्यूलमध्येच लिहिलेले असते.)

काही जण वैतागून मॉड्यूललाच इंटरप्रिटरची दुसरी प्रत जोडतात. माझ्या मते हे आजारापेक्षा औषध भयंकर. एका घरात दोन कोठ्या, दोन वह्या. एकीत मांडलेली वस्तू दुसरीला ठाऊक नाही. आज्ञावली कोलमडते, आणि तीही भलत्याच जागी.

वर्गात प्रयोग करायचा असेल तर ब्राझीलमध्ये १९९३ साली जन्मलेली लुआ ही चिमुकली भाषा घ्यावी. तिथे आरंभ-फलनाचे नाव 'लुआओपन'ने सुरू होते, आणि कुलूप तेच.