मोठ्या आतड्यातलं दोन कामांचं प्रथिन

आपल्या मोठ्या आतड्याचं आतलं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं. या अस्तरात लाखो सूक्ष्म खळगे असतात आणि प्रत्येकाच्या तळाशी मोजक्या मूळपेशी. त्या विभागत राहतात, नव्या पेशी वर सरकतात आणि काठाशी पोचल्या की गळून जातात. तळाशी ‘विभागत राहा’ हा निरोप जोरात असतो, वर जाताना तो क्षीण होत जातो. या निरोपाची वाट म्हणजे ‘विंट’ संदेशमार्ग.

त्याचा एक धागा दिल्लीत सापडला होता. भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या आर. पी. शर्मा यांनी १९७३ साली पंख नसलेल्या फळमाशीची नोंद केली. पुढे १९८२ साली रूल नूसे आणि हॅरोल्ड व्हार्मस यांना उंदराच्या स्तनांतल्या गाठींत एक जनुक मिळालं. १९८७मध्ये उलगडा झाला, की माशीला पंख देणारं आणि उंदरात गाठ वाढवणारं जनुक मुळात एकच! हे वाचताना मला अजूनही थरारून जायला होतं.

निरोप नसतो तेव्हा पेशीत एपीसी नावाचं प्रथिन आपल्या जोडीदारांसह बीटा-कॅटेनिन या दुसऱ्या प्रथिनाला पकडून नष्ट करवतं. निरोप आला की ही धरपकड थांबते. बीटा-कॅटेनिन साठतं, केंद्रकात शिरतं आणि विभाजनाची जनुकं चालू करतं. आतड्याच्या सुमारे ८० टक्के कर्करोगांत एपीसीच बिघडलेलं असतं. बाहेरून कुणी काही सांगो न सांगो, पेशीला निरोप सतत आल्यासारखा वाटतो.

पण एवढ्याने होतो तो फक्त पॉलिप, म्हणजे अस्तरावरचा मोड. तो वर्षानुवर्षं जागचा हलत नाही. पुढे केरास, पी५३ अशा जनुकांत बिघाड साचत जातात. मग पेशी घर सोडते कशी?

इथे बीटा-कॅटेनिनचं दुसरं काम समोर येतं. पेशीच्या कडेला ते ई-कॅड्हेरिन या प्रथिनाला आतून धरून असतं आणि त्या पकडीवरच शेजारच्या पेशी एकमेकींना चिकटून राहतात. जे प्रथिन कडेला पेशींना बांधून ठेवतं, तेच केंद्रकात गेलं की त्यांना सुटायला लावतं.

जर्मनीतल्या थॉमस ब्राब्लेट्झ यांच्या गटाने २००१मध्ये हे रंगवलेल्या काचपट्ट्यांवर दाखवलं. गाठीच्या मधल्या भागात पेशी नीट ग्रंथींच्या आकारात रचलेल्या आणि बीटा-कॅटेनिनचा रंग त्यांच्या कडांवर. गाठ जिथे निरोगी ऊतीत घुसते तिथे मात्र सुट्या पेशी आणि त्यांची केंद्रकं गडद. एपीसीचा बिघाड मात्र दोन्हीकडे तोच! म्हणजे हा फरक आसपासच्या ऊतीतून येणाऱ्या संदेशांमुळे पडत असला पाहिजे. त्याहून थक्क करणारी गोष्ट अशी, की दूर जाऊन रुजलेल्या गाठींत पेशी पुन्हा ग्रंथी रचतात. सुटणं हे त्या पेशींचं कायमचं रूप नव्हतं, प्रवासापुरतं होतं.

हा प्रवास बहुधा यकृताकडे होतो, कारण आतड्यातलं रक्त पोर्टल शिरेतून आधी तिकडेच जातं. वाटेत टीजीएफ-बीटा हा संदेशही बाजू बदलतो. निरोगी अस्तराला तो ‘थांब’ म्हणतो. कर्कपेशी पुष्कळदा त्याला दाद देईनाशा होतात, पण भोवतालच्या संयोजी ऊतीतल्या पेशी तो ऐकतात आणि कर्कपेशींना रुजायला मदत करतात.

हे ज्ञान आता पॅथॉलॉजीच्या टेबलापर्यंत पोचलं आहे. घुसखोरीच्या कडेला सुट्या पेशी किंवा चारपर्यंत पेशींचे पुंजके किती, ते ०.७८५ चौरस मिलिमीटर जागेत मोजायचं, असं २०१६मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ठरवलं. दहा किंवा जास्त भरले, तर धोका वरच्या श्रेणीत. कोलोनोस्कोपीत पॉलिप पूर्ण काढला आणि त्यात कर्करोगाची सुरुवात आढळली, तर आणखी शस्त्रक्रिया हवी का, हे ठरवताना हा आकडाही पाहिला जातो.