यूकातान : ‘नाहीशा’ न झालेल्या माणसांचा इतिहास

आज मेक्सिकोच्या आग्नेयेकडच्या यूकातान द्वीपकल्पाबद्दल बोलायचं आहे. मी मूळचा तत्त्वज्ञानाचा माणूस. त्यामुळे इतिहास वाचतानाही आधी शब्द तपासायची खोड आहे. यूकातानबद्दल एक वाक्य आपण नेहमी ऐकतो : ‘माया लोक एकाएकी नाहीसे झाले.’ हे वाक्य कितपत खरं आहे, एवढंच आज पाहू.

सुरुवात जमिनीपासून करू. हा सगळा चुनखडीचा सपाट प्रदेश आहे. पाऊस पडतो, पण पाणी मुरून खाली जातं. उत्तर भागात तर वर वाहणारी नदी जवळपास नाहीच. जिथे जमिनीचं छत कोसळतं तिथे खोल डोह उघडे पडतात. त्यांना माया भाषेत ‘त्सोनोत’ म्हणतात, स्पॅनिशमध्ये ‘सेनोते’. पाण्याखाली गेलेल्या अशाच एका गुहेत एका किशोरवयीन मुलीचा सांगाडा सापडला. तो बारा हजार वर्षांहून जुना आहे. पुढे वस्ती वाढली तीही या डोहांच्या आधाराने. ‘चिचेन इत्सा’ या नावाचा अर्थच मुळी ‘इत्सा लोकांच्या विहिरीच्या तोंडाशी’ असा आहे.

आता ‘नाहीसे होणं’ म्हणजे काय झालं? नवव्या शतकाच्या सुमारास दक्षिणेकडची मोठी माया शहरं ओस पडत गेली. दुष्काळ, लढाया, राजसत्तेवरचा उडालेला विश्वास अशी अनेक कारणं एकत्र आली. पण त्याच काळात उत्तरेत उश्माल आणि चिचेन इत्सा भरभराटीत होती. नंतर मायापान उभं राहिलं, तेही पंधराव्या शतकाच्या मध्याला कोसळलं. म्हणजे राजधान्या गेल्या. मका पिकवणारा शेतकरी कुठे गेला? कुठेच नाही. तो तिथेच होता.

स्पॅनिश मोहीम १५२७ मध्ये सुरू झाली. पण जिंकून घ्यायला एकच राजा नव्हता, त्यामुळे त्यांना मेरिदा शहर वसवायला १५४२ साल उजाडलं. ते वसवलं त्'हो या माया शहराच्या जागेवर, आणि तिथल्याच देवळांचे दगड वापरून. पुढे १५६२ मध्ये मानी गावात दिएगो दे लांदा या धर्मगुरूने माया पोथ्या आणि मूर्ती जाळल्या. आज जगात माया चित्रलिपीच्या फक्त चार पोथ्या उरल्या आहेत. आणि गंमत बघा, गंमत कसली म्हणा, याच लांदाने नंतर माया लोकांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने त्यांच्या अक्षरांचा एक तक्ता दिला होता. १९५२ मध्ये रशियन अभ्यासक युरी क्नोरोझोव यांना लिपी उलगडायला तोच तक्ता उपयोगी पडला. पण लक्षात घ्या, लिपी मेली होती, भाषा नव्हे. लोक ती बोलत होते, म्हणून तर लिपी वाचता आली.

आणि हे लोक गप्प बसले नव्हते. त्यांच्या जमिनी ऊस लावणाऱ्यांकडे जात होत्या, शिवाय करांचं ओझं होतं. १८४७ मध्ये उठाव झाला. १८४८ मध्ये बंडखोर मेरिदाच्या जवळ पोचले होते, पण तिथून मागे फिरले. पूर्वेच्या जंगलात त्यांनी चान सांता क्रूझ ही आपली राजधानी केली. तिथे एक ‘बोलणारा क्रूस’ त्यांना आज्ञा देई, अशी श्रद्धा होती. मेक्सिकोच्या सैन्याने ते गाव १९०१ मध्ये घेतलं. म्हणजे अर्धं शतक हे लोक स्वतःचा कारभार स्वतः करत होते. ‘नाहीसे’ झालेले लोक!

पश्चिमेला चित्र वेगळं होतं. तिथे हेनेकेनचे मळे पसरले. आपल्याकडे बांधावर घायपात असते ना, तिच्याच कुळातली ही वनस्पती. अमेरिकेतल्या कापणीयंत्रांना पेंढ्या बांधायला सुतळी लागे, ती हिच्या वाखाची. मेरिदात मळेवाल्यांच्या हवेल्या उभ्या राहिल्या, आणि माया मजूर कर्जापायी मळ्याला जखडला गेला. कर्ज बापाचं, राबणं मुलाचं. हे आपल्याला परकं नाही. क्रांतीच्या काळात ही वेठ कायद्याने संपली. माया भाषेत लोकांशी बोलणारे फेलिपे कारिल्यो पुएर्तो १९२२ मध्ये गव्हर्नर झाले. त्यांनी गावांना जमिनी द्यायला सुरुवात केली. जानेवारी १९२४ मध्ये त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. आज चान सांता क्रूझला त्यांचंच नाव आहे.

पुढे कृत्रिम धागा आला आणि हेनेकेन मागे पडलं. १९७० च्या दशकात कानकून उभं राहिलं, २०२३ अखेर ‘माया ट्रेन’ धावू लागली. तिच्यासाठी तोडलेलं जंगल आणि खालचे डोह यांवरून तिथे आजही वाद आहे.

तर ते वाक्य तपासून झालं. २०२० च्या जनगणनेत मेक्सिकोत ही माया भाषा बोलणारे पावणेआठ लाख लोक होते. मग ‘नाहीसे झाले’ हे वाक्य टिकतं कशामुळे? मला वाटतं, ते सोयीचं आहे म्हणून. माणसं नाहीशी झाली असं एकदा ठरलं की त्यांच्या जमिनीला मालक उरत नाही आणि त्यांच्या देवळांचं तिकीट लावता येतं. कुणाला ‘प्राचीन’ म्हणताना तो समोर उभा तर नाही ना, एवढं पाहून घ्यावं.

आता प्रश्न घेऊ.