डिस्नेला किती दिवस द्यावेत?

फ्लोरिडातल्या टँपा शहरात राहायला आल्यापासून आमच्या गोतावळ्याने मला न विचारताच एक खातं बहाल केलंय. सासरचं असो की माहेरचं, कुणाचाही अमेरिकेचा व्हिसा झाला की फोन मला येतो. डिस्नेचं ऑरलँडो इथून गाडीने तास-सव्वा तासावर. ‘‘मामी, डिस्नेला किती दिवस ठेवू?’’ विचारणाऱ्याच्या आवाजावरूनच कळतं, की त्याला ‘एक’ हे उत्तर हवंय. त्यात त्याचा काही दोष नाही. आमच्या पिढीने गोराईहून बोटीत बसून एस्सेलवर्ल्ड पाहिलं, पुढच्या पोरांनी २०१३ नंतर खोपोलीजवळचं इमॅजिका. सकाळी निघायचं आणि रात्री झोपायला घरी, हाच आपल्याकडचा थीम पार्कचा हिशोब.

मी चार सांगते. मग पलीकडे जरा शांतता, आणि ‘‘एवढं आहे तरी काय तिथे?’’

तर ज्याला आपण डिस्ने म्हणतो, ते एक पार्क नाही. वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये चार वेगवेगळी पार्क आहेत आणि प्रत्येकाचं गेट, पार्किंग, वेळ सगळं वेगळं. किल्ला असलेलं मॅजिक किंग्डम १९७१ चं, एपकॉट १९८२ चं, हॉलिवूड स्टुडिओज १९८९ चं आणि ॲनिमल किंग्डम १९९८ चं. शिवाय दोन वॉटर पार्क आणि वीसहून जास्त हॉटेलं. सगळी मिळून जागा शंभर चौरस किलोमीटरच्या आसपास. म्हणजे कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतची मूळ मुंबई त्यात मावून वर जागा उरेल. हा आकार काही आपोआप झालेला नाही. वॉल्ट डिस्नेने १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेलँड काढलं, तेव्हा कुंपणाबाहेर दुसऱ्यांची मोटेलं उभी राहिली आणि पाहुण्यांच्या राहण्या-खाण्याचा पैसा त्यांच्याकडे गेला. म्हणून फ्लोरिडात त्याने नावापुरत्या काढलेल्या कंपन्यांमार्फत गुपचूप जमीन घेतली आणि १९६५ मध्ये जाहीर केलं. पुढच्या वर्षी तो वारला, पार्क काही त्याला बघायला मिळालं नाही. पण पाहुणा आला की त्याने आपल्याच हद्दीत राहावं, जेवावं आणि लवकर जाऊ नये, या बेतानेच ती जागा आखलेली आहे. तेव्हा किती दिवस, हे त्यांना विचाराल तर ते ‘आणखी एक’ असंच सांगणार.

तिकिटांची रचनाही तशीच. एका दिवसाचं तिकीट तारीख आणि पार्क बघून साधारण १२० ते २०० डॉलर, वर कर. नाताळात महाग, सप्टेंबरात स्वस्त. दिवस वाढवाल तसा दर दिवसाचा भाव उतरतो, आणि चौथ्यावरून पाचव्यावर जायला पहिल्या दिवसाच्या मानाने किरकोळ पैसे पडतात. आपल्या माणसाला हे दिसलं की हात शिवशिवतो. पण तो दिवस तिकिटापुरताच स्वस्त असतो. हॉटेलची रात्र, पाच माणसांची दोन जेवणं, पार्किंग आणि सगळ्यांचे सुजलेले पाय यांना कुणी सूट देत नाही. मुलांचं वय मात्र नीट बघा. तीन वर्षं पुरी व्हायची असतील तर तिकीटच नाही, आणि दहावं संपलेल्याला पूर्ण तिकीट. एका भाचीने तर धाकट्याच्या वाढदिवसाआधीची तारीख धरून सगळी सहल आखली. मला तिचं कौतुक वाटलं.

माझा स्वतःचा हिशोब दिवसांचा नाहीच. मी सकाळी मोजते. एका सहलीत घरातल्या सगळ्यांना मिळून किती सकाळी लवकर उठणं जमेल, तेवढे पार्कचे दिवस. कारण या पार्कातला खरा माल पहिल्या दोन-अडीच तासांत असतो. गेट उघडायच्या आत दारात उभे असाल, तर त्या वेळात तीन-चार मोठ्या राइड होतात. अकरानंतर त्याच राइडच्या पाटीवर ७० मिनिटं, ९० मिनिटं असे आकडे चढतात. जून ते ऑगस्टमध्ये बाराच्या पुढे ऊन आणि दमटपणा असा, की कोकणातला मे महिना बरा. मग दुपारी तीन-चारच्या सुमारास ढग भरून येतात आणि विजा. विजा चमकल्या की उघड्यावरच्या सगळ्या राइड बंद होतात, लोक दुकानांत कोंडले जातात, तास-दीड तास जातो. संध्याकाळी पुन्हा बरं वाटतं, पण तोवर लहान मूल खांद्यावर झोपलेलं असतं आणि आतषबाजी नऊ-दहाला.

रांग टाळायला पैसे मोजून घ्यायची लाइटनिंग लेन आहे. १९९९ पासून बरीच वर्षं अशी सोय फुकट होती, २०२१ पासून तिला भाव लागला. डिस्नेच्याच हॉटेलात उतरलेल्यांना ती सात दिवस आधी घेता येते, बाहेरच्यांना तीन दिवस आधी. नाताळच्या आठवड्यात गेलात तर घ्यावीच लागते. एरवी पहाटे उठणाऱ्याला तिची फारशी गरज पडत नाही.

थेट भारतातून येणाऱ्यांना इथे एक फायदा आहे, जो त्यांच्या लक्षातच येत नाही. उन्हाळ्यात फ्लोरिडा आपल्या साडेनऊ तास मागे. इथे पहाटेचे चार वाजतात तेव्हा डोंबिवलीत दुपारचा दीड झालेला असतो, त्यामुळे आल्या आल्या पहिले काही दिवस सगळं घर चारला टक्क जागं असतं आणि चहा मागतं. लोक म्हणतात, आधी जेट लॅग जाऊ दे, मग डिस्ने. मी म्हणते, तोच तर वापरायचाय. नंतर सवय झाली की हीच मंडळी नऊपर्यंत पांघरुणात. फक्त त्या पहिल्या दिवसांत रात्रीच्या आतषबाजीचा नाद सोडा. ती शेवटच्या दिवसाला ठेवा.

मॅजिक किंग्डमला ही सकाळ आणखी लवकर सुरू करावी लागते. आपण गाडी लावतो ते पार्कच्या दारात नाहीच. तिथून आधी एका मोठ्या स्टेशनापर्यंत जायचं, बॅगा तपासून घ्यायच्या, मग मोनोरेल नाहीतर फेरीबोट धरून तळ्याच्या पलीकडे. पार्किंगपासून गेटपर्यंत पाऊण तास सहज. येताना दमलेल्या पोरांना घेऊन तेवढाच परत. हे सांगितलं नाही की लोक ‘नऊला उघडतं ना, मग नऊला पोहोचू’ म्हणतात, आणि पहिल्या राइडच्या रांगेत लागेपर्यंत दहा वाजतात.

चारही पार्कांना सारखाच वेळ देण्यात काही अर्थ नाही. मॅजिक किंग्डमला लहान मुलं असतील तर दोन सकाळी द्याव्यात, एरवी एक पूर्ण दिवस. ॲनिमल किंग्डम क्षेत्रफळाने सगळ्यांत मोठं, तरी मी त्याला सकाळ ते जेवण एवढंच देते. सफारीतले प्राणी पहाटेच्या गारव्यातच हलताना दिसतात आणि संध्याकाळी ते पार्क इतरांपेक्षा लवकर मिटतं. तिथे आनंदपूर नावाचं एक काल्पनिक गाव आहे, पडकी देवळं, पताका, वाघ, आणि मागे एव्हरेस्टची रोलरकोस्टर. भिंतींवर मुद्दाम उडवलेला रंग आणि लोंबणाऱ्या वायरी बघून आपली माणसं म्हणतात, एवढ्या लांब येऊन हेच बघायचं होतं का! एपकॉटचा कारभार उलटा. तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत, त्यांतली बहुतेक अकराला उघडतात आणि मजा संध्याकाळची. त्या अकरांत भारत नाही. शोधत बसू नका. एका दिवसात दोन पार्क करायची मुभा देणारं महाग तिकीट मिळतं, ते घ्यायचंच असेल तर सकाळी ॲनिमल किंग्डम आणि संध्याकाळी एपकॉट याच जोडीसाठी घ्या.

राहिलं हॉलिवूड स्टुडिओज. इथे मी आधी मुलांची उंची विचारते. स्टार वॉर्सच्या दोन मोठ्या राइडना ३८ आणि ४० इंच लागतात, उंच मनोऱ्यातून खाली सोडतात तिलाही ४०, रॉकच्या तालावरच्या कोस्टरला ४८. साडेतीन वर्षांचं मूल बरोबर असेल तर त्याच्या वाट्याला त्या पार्कातलं फार थोडं येतं, आणि आजी-आजोबांना स्टार वॉर्स म्हणजे काय हेच माहीत नसतं. अशा घराला मी सरळ सांगते, हे गाळा.

उंचीचं प्रकरण गमतीवारी घेऊ नये. मॅजिक किंग्डममधल्या स्पेस माउंटनला ४४ इंच लागतात. एकदा आमच्याबरोबर भाच्याचा मुलगा होता, घरी दाराच्या चौकटीवर त्याची खूण अगदी काठावर. रांगेच्या तोंडाशी मोजायची पट्टी असते. तिथल्या मुलीने त्याला बूट जमिनीला टेकवून सरळ उभं राहायला सांगितलं. त्याने मान ताणली, छाती फुगवली, श्वास कोंडून धरला. पट्टी डोक्यावरून अलगद सरकली, केसाला लागली, डोक्याला नाही. ती गुडघ्यावर बसून त्याच्याशी काहीतरी गोड बोलली, पण आत सोडायचं नाही म्हणजे नाही, तिथे वशिला चालत नाही. आई-बापांना मात्र एक सोय असते, ती मागून घ्यायची. एकाने मुलाजवळ थांबायचं, दुसऱ्याने राइड करायची, आणि मग पहिल्याला पुन्हा सगळी रांग लावावी लागत नाही. त्याच पार्कात ट्रॉनला ४८ इंच आहेत आणि सात बुटक्यांच्या खाणगाडीला ३८. निघण्याआधी मुलांना बूट घालून मोजा आणि मग दिवस ठरवा.

आता वडीलधारी. आमच्या थोरल्या वन्सं डोंबिवलीहून आल्या, गुडघ्यांची तक्रार जुनी. दिवसाला पंधरा-वीस हजार पावलं होतात, गेटवर व्हीलचेअर भाड्याने मिळते, घेऊ या म्हटलं. ‘‘मी काय आजारी आहे?’’ विषय संपला. (व्हीलचेअर घेतली की रांग चुकते, हा समजही जुना, बहुतेक ठिकाणी तीच रांग असते.) दुपारी एकच्या उन्हात त्यांना मी कॅरोसेल ऑफ प्रोग्रेसमध्ये नेलं. १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यासाठी केलेलं नाटक आहे ते, १९७५ पासून इथे. यंत्राची माणसं एका अमेरिकन घराची गोष्ट सांगतात, कंदील ते वीज, बर्फाची पेटी ते फ्रिज, आणि दर अंकाला प्रेक्षागृहच खुर्च्यांसकट पुढे सरकतं. वीस मिनिटं, गार हवा, रांग जवळपास नाही. वन्सं मन लावून बघत होत्या. कपडे धुण्याच्या यंत्राचं कौतुक चाललं तेव्हा म्हणाल्या, ‘‘आणि वाळत कोण घालतंय? बाईच ना?’’ बाहेर आलो तर विचारलं, ‘‘पुन्हा बसलं तर चालतं का गं?’’ चालतं. त्या बसल्या, मुलं तेवढ्यात दोन राइड करून आली.

वयाची माणसं बरोबर असली की मी दिवस वाढवते, पण पार्कचे नाही. चार दिवसांचं तिकीट सात दिवसांत कधीही वापरता येतं, पाचाचं आठ दिवसांत. हे तिकिटावर लिहिलेलं असूनही बहुतेक जण सलग चार दिवस पळतात आणि तिसऱ्या दिवशी घरात भांडणं होतात. दोन दिवस पार्क, एक दिवस काहीच नाही, मग पुन्हा दोन. मधल्या दिवशी हॉटेलच्या तरणतलावात पोरं डुंबतात, बायका कपडे धुऊन घेतात. तिकीट न काढता बघण्यासारखंही काही आहे. ॲनिमल किंग्डमजवळच्या डिस्नेच्या हॉटेलात साना नावाचं रेस्टॉरंट आहे, तिथे नान आणि तऱ्हेतऱ्हेच्या चटण्यांचं ताट येतं, आणि खिडकीबाहेर जिराफ फिरत असतात. टेबल आधी सांगून ठेवावं लागतं.

खाण्यावरून आठवलं. पार्कात घरचं खाणं नेता येतं, काचेची भांडी सोडून. दशम्या, मेथीचे ठेपले, सुकी बटाट्याची भाजी खुशाल न्या. काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं की फुकट देतात. म्हणूनच चार-सहा माणसं असतील तर मी जवळच्या किसिमी गावाकडे स्वयंपाकघरवालं भाड्याचं घर घ्यायला सांगते. डिस्नेच्या हॉटेलात राहिलं की पार्कात अर्धा तास आधी सोडतात, तो अर्धा तास सोन्याचा आहे हे खरं. पण वरण-भाताचा कुकर लावता येत नाही, आणि आमच्याकडे तिसऱ्या दिवशी कुकर हा प्रश्न अर्ध्या तासापेक्षा मोठा होतो.

मग येतं ऑरलँडोतलंच, दुसऱ्या कंपनीचं युनिव्हर्सल. मुलं दहाच्या पुढची आणि हॅरी पॉटर वाचलेली असतील, तर डिस्नेचे चार दिवस मी स्वतःहून दोनवर आणते. तिथला हॅरी पॉटरचा भाग २०१० पासून आहे, आणि मे २०२५ मध्ये एपिक युनिव्हर्स हे नवं पार्क उघडलं, तेही युनिव्हर्सलच्या जुन्या दोन पार्कांपासून वेगळ्या जागी. त्याला अख्खा दिवस हवा. पूर्वेला तासाभरावर केनेडी अवकाश केंद्र, तिथे ११० मीटर लांबीचं सॅटर्न रॉकेट आडवं ठेवलंय आणि अटलांटिस यानही आहे. पाळण्यांत रस नसलेल्या आजोबांसाठी तो दिवस मी सगळ्यांत वरती ठेवते.

परवा भाच्याचा फोन होता, नाताळच्या सुट्टीचा बेत. मी एकेक सांगत गेले: डिस्नेचे तीन, युनिव्हर्सलचे दोन, एक केनेडी, मध्ये एक मोकळा, आणि परतीच्या विमानाच्या दिवशी पार्क अजिबात नाही. त्याने तिकडे बोटं मोजली असावीत. ‘‘मामी, हे आठ झाले. मग मायामी आणि की वेस्ट कधी करायचं?’’

मायामी काढ, म्हटलं.