पडक्या भिंती आणि चालती वाट

भिवंडी तालुक्यांतील वज्रेश्वरीचें देऊळ आणि वसईचा पडका किल्ला यांचा इतिहास एकाच युद्धाशीं निगडित आहे. वसई हस्तगत झाल्यास देवीचें मंदिर बांधीन, असा नवस चिमाजी आप्पांनीं केला होता, असें परंपरा सांगते. १७३९ च्या मे महिन्यांत वसई पडली. देऊळ नांदतें झालें. पोर्तुगीजांचें दोन शतकांचें नगर मात्र पुढें ओस पडलें. वज्रेश्वरीहून वसईकडे कॅमेरा घेऊन निघणाऱ्या हौशी मंडळींसाठीं हे चार शब्द.

भग्न भिंत मोठी फसवी असते. सेंट सेबॅस्टियन बुरुजाखालीं मराठ्यांनीं सुरुंग उडविले. १७८० त जनरल गॉडर्डनें किल्ल्यास पुन्हां वेढा घातला. उरलेलें काम पावसानें आणि झाडांच्या मुळांनीं केलें. फोटोंत मात्र सारीं खिंडारें सारखींच दिसतात आणि सगळा दोष तोफांच्या माथीं जातो.

१९४५ च्या फेब्रुवारींत ड्रेस्डेन शहर बॉम्बवर्षावांत जळालें. तेथील नगरभवनाच्या मनोऱ्यावरून रिचर्ड पीटर यांनीं घेतलेलें छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. पुढें दगडी पुतळा, खालीं घरांचे सांगाडे. माणूस जवळजवळ दिसतच नाहीं. संहाराची व्याप्ति दाखविण्यास तें समर्थ आहे. पण युद्धानंतर जर्मन शहरांच्या ढिगाऱ्यांतून स्त्रिया विटा वेंचीत होत्या, तें इतक्या उंचावरून कसें दिसावें?

वसईस उंची शोधूं नये, वाटेवर उभें राहावें. किल्लाबंदरच्या कोळीवाड्याची वाट किल्ल्यांतूनच जाते. पाटी घेतलेली कोळीण कमानीखालीं आली कीं कमान किती उंच, तें आपोआप कळतें. कमानीच्या आंत अंधार, बाहेर लख्ख ऊन. दोन्ही एकदम साधत नाहींत. अशा वेळीं प्रकाशाचें माप चेहऱ्यावरून घ्यावें, आभाळ पांढरें झालें तरी चालेल. चेहरा काळा आणि आभाळ सुरेख, असें चित्र मला तरी अन्यायाचें वाटतें. अर्थात् आधीं तिला विचारावें. ती आपल्या कामास निघालेली असते, आपल्या चित्राची शोभा वाढविण्यास नव्हे.

वसईंत जन्मलेले आणि १५९७ त नागासाकीस हुतात्मा झालेले संत गोन्सालो गार्सिया यांच्या नांवाचें चर्च याच अवशेषांत आहे. त्यावर छप्पर आहे, तेथें उपासना होते. तेंहि टिपावें. नुसत्या बोडक्या भिंतीच घेतल्या तर पाहणारा समजेल, येथें कोणी उरलेंच नाहीं.

छापील प्रतीच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनें तारीख, वेळ, भिंत कोणती, ती कशानें पडली हें ठाऊक असल्यास तेंहि, आणि चित्रांतील माणूस काय करीत होता, एवढें लिहावें. दुसरी प्रत त्या कोळणीच्या घरीं पोंचवावी.