घरची फिल्म वाचवताना

बदलापूरच्या एका श्रोत्यांनी विचारलंय, ‘वडिलांच्या प्रोजेक्टरला कॅमेरा जोडला, आता सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?’

आधी फिल्म म्हणजे काय, ते पाहू. १९६५ साली आलेल्या सुपर एटच्या ५० फुटी रिळात ३,६०० स्थिर चौकटी असतात. सेकंदाला १८ दाखवल्या, की ३ मिनिटं २० सेकंद. झीनोचा बाण आठवतोय ना? क्षणोक्षणी स्थिर, तरी चालणारा!

ओबीएससारखं सॉफ्टवेअर सलग व्हिडिओ टिपतं, सेकंदाला २५ किंवा ३० चौकटी. त्यांचा १८शी मेळ बसत नाही. चित्र लुकलुकतं, काही चौकटी दोनदा येतात. म्हणून एका इशाऱ्याला एकच चौकट टिपून ती क्रमवार साठवणारं सॉफ्टवेअर शोधावं. मोटार सावकाश फिरवायची, आणि चौकटीगणिक दाबली जाणारी कळ माउसच्या बटणाला जोडायची; हाच तो इशारा. कॅमेऱ्यात उजेड नि रंग पक्के करून ठेवा. गती काय, नंतरही ठरवता येते.

पण फार थांबू नका. ॲसिटेट फिल्म दमट हवेत कुजते, तिला व्हिनेगरसारखा वास येतो. आणि आपल्या उल्हास नदीकाठचा पावसाळा तर तुम्ही जाणताच. चौकटीतला चेहरा एकदा विरला, की कुठलंच सॉफ्टवेअर तो परत आणत नाही.