हाक्कोडा : हिमाची श्रीमंती आणि वाटाड्याचा शब्द

अकलूजच्या शिवारात भर पावसाळ्यातही आभाळाकडे डोळे लावून बसावे लागते. कारण पश्चिमेचा वारा आपले बहुतेक पाणी कोकणात आणि सह्याद्रीच्या माथ्यावर रिते करून मगच माळशिरस तालुक्यात पोहोचतो. जपानमध्ये हिवाळ्यात असेच घडते, फक्त पावसाच्या जागी हिम पडते. सायबेरियाकडून निघालेला कोरडा, गारठलेला वारा जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतो आणि किनाऱ्यालगतच्या डोंगरांवर ते हिमरूपाने उतरवतो. डोंगरापलीकडील टोकियोत त्या वेळी बहुधा निरभ्र ऊन असते.

या हिमाचे सर्वांत उदार दान ज्या डोंगरांना लाभते, त्यांत होन्शू बेटाच्या उत्तर टोकाकडील आओमोरी प्रांतातील हाक्कोडा हा एक पर्वतसमूह आहे. निसेको किंवा हाकुबा यांच्याइतके त्याचे नाव परदेशी पर्यटकांच्या तोंडी नाही. त्याच्या कुशीतील सुकायू या उष्ण झऱ्यांच्या ठिकाणी २६ फेब्रुवारी २०१३ रोजी ५६६ सेंटिमीटर हिमाचा थर मोजला गेला. दुमजली घर जवळजवळ बुडेल एवढी ही उंची!

येथे रोपवे सुमारे दहा मिनिटांत तामोयाचीदाके शिखराजवळ, १,३०० मीटरच्या आसपास नेऊन सोडतो. हिमाचे थर चढून विचित्र आकार धारण केलेले सूचिपर्णी वृक्ष तेथे पाहुण्यांचे स्वागत करतात. खाली उतरण्यासाठी आखलेल्या वाटा मोजक्याच. बाकी सारे रान आणि उतार. स्की करणारे जाणकार त्यासाठीच येथे येतात. ताज्या, पिठासारख्या भुसभुशीत हिमात रुंद स्की बांधून उतरताना पायांखाली जमीन नसल्याचा भास होतो. हिम खोल असले की सौम्य उतारावर गती मिळत नाही, म्हणून तीव्र उतार शोधावा लागतो. परंतु तीस ते पंचेचाळीस अंशांच्या ज्या उतारावर हा आनंद मिळतो, त्याच उतारावरून हिमाचा थर निसटून कोसळण्याचा संभव सर्वाधिक असतो. येथे नफा आणि जोखीम एकाच खात्यावर लिहिलेले असतात.

या डोंगराने हा हिशेब एकदा फार कठोरपणे मांडला आहे. जानेवारी १९०२ मध्ये रशियाशी संभाव्य युद्धाच्या तयारीसाठी जपानी सैन्याच्या दोन तुकड्या हाक्कोडा ओलांडण्यास निघाल्या. आओमोरीच्या तुकडीत २१० जण होते. वाटेतील गावकऱ्यांनी पुढे जाऊ नका, निदान वाटाड्या तरी घ्या, असे विनवले. ते मानले गेले नाही. हिमवादळात वाट हरवली आणि १९९ जण मृत्युमुखी पडले. त्याच दिवसांत हिरोसाकीहून निघालेल्या लहान तुकडीने टप्प्याटप्प्यावर स्थानिक वाटाडे घेतले आणि एकही सैनिक न गमावता डोंगर पार केला. त्यांना वाट दाखवणाऱ्या गावकऱ्यांना मात्र हिमदंशाची किंमत मोजावी लागली. तोवर जपानमध्ये स्कीचे रीतसर शिक्षणही नव्हते. ऑस्ट्रियाचे अधिकारी थिओडोर फॉन लेर्ख यांनी ते १९११ मध्ये ताकादा येथे सुरू केले.

आजही आखीव वाटेबाहेर जायचे तर स्थानिक मार्गदर्शक हवाच. तो सोबत असला म्हणजे हिम कोसळणारच नाही, असे मात्र नव्हे. म्हणून प्रत्येकाच्या अंगावर संदेश देणारे व शोधणारे बीकन, तसेच पाठपिशवीत फावडे आणि लांब शोधकाठी असावी लागते. गाडल्या गेलेल्या माणसाच्या जगण्याची आशा पहिल्या पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते. बाहेरची मदत येईपर्यंत बहुधा उशीर होतो; वाचवतो तो शेजारचा सोबतीच. ही साधने वापरण्याचा सराव नसेल, तर ती नुसते ओझे ठरतात.

आपल्या घरातील मंडळींनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जपानी सूप, आमटी आणि भाज्यांच्या रसातही ‘दाशी’ नावाचा माशांचा अर्क बहुधा असतो. नुसते ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही. आणि डिसेंबर-जानेवारीत तेथे सूर्य चार ते पाचच्या दरम्यान मावळतो. चौविहार पाळणाऱ्यांनी डोंगरावरून परतण्याची वेळ त्यानुसार आधीच ठरवावी. लवकर परतणे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही हिताचेच.

काश्मीरच्या सहलीत गुलमर्गचा गंडोला अनेक कुटुंबे पाहतात. तेथील अफरवटच्या उतारांनाही हाच न्याय लागू आहे. नवशिक्या मुलांनी आधी पायथ्याच्या सौम्य मैदानात प्रशिक्षकाकडून वळणे आणि थांबणे शिकावे. वरच्या उतारावर बंदीची दोरी लावलेली दिसली, तर तिकिटाचे पैसे वाया गेले असे न मानता परत फिरावे. व्यापारात एखादा सौदा सोडून देण्यानेच मुद्दल राखले जाते, हे आपल्या पेढीवरच्या वडीलधाऱ्यांना ठाऊक असते. डोंगरावर मुद्दल म्हणजे आपला आणि सोबत्याचा जीव.